गणपती उठले की सुरुवात, जूनमध्ये रॅली : जुन्या मोटारसायकलवरून परदेशी जाणाऱ्यांसाठी

रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्याशी चहाला थांबलं, की जावा, येझदी, जुनी बुलेट, राजदूत अशा चार-सहा गाड्या जमतात आणि कोणीतरी हमखास विचारतं, "युरोपातल्या त्या रॅल्यांना आपल्याला जाता येतं का हो?" येतं. मी दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा भाड्याच्या गाडीवर, दुसऱ्यांदा आजोबांच्या १९६९च्या जावावर. तयारी कशी करायची ते क्रमाने सांगतो. पण एक गोष्ट आधी, कारण पुढचं सगळं तिच्यावर बेतलेलं आहे: पहिल्या वर्षी स्वतःची गाडी नेऊ नका. आधी तुम्ही जा, रॅलीची चाल अंगात मुरू द्या. गाडी पुढच्या खेपेला.

हौशी माणसाला हे पटत नाही, मलाही पटलं नव्हतं. पण उजव्या बाजूने चालवायचं, अनोळखी भाषेत पाट्या वाचायच्या, वेळेच्या कार्डावर शिक्के घ्यायचे आणि त्यातच पंचावन्न वर्षांच्या गाडीचा आवाज ऐकत राहायचं, हे सगळं एकाच वेळी शिकता येत नाही.

रॅली निवडणं

आपल्याकडे रॅली म्हटलं की मोर्चा आठवतो, नाहीतर चिखल उडवत जाणाऱ्या गाड्या. जुन्या मोटारसायकलींच्या टूरिंग रॅलीत यातलं काही नाही. ठरलेल्या रस्त्याने, ठरलेल्या वेळेत, वाहतुकीचे नियम पाळून रोज दीड-दोनशे किलोमीटर जायचं, एवढंच. पण ते आठ-दहा जणांच्या नव्हे, शंभर-दीडशे जुन्या इंजिनांच्या सोबतीने.

अशा रॅल्या कुठून आल्या ते कळलं, की त्यांचे नियमही कळतात. इटलीतली 'मोटोजिरो दि'इतालिया' ही शर्यत पहिल्यांदा १९१४ मध्ये झाली. तिचा बहराचा काळ १९५३ ते १९५७, आणि त्या काळात गाड्या १७५ सीसीपर्यंतच्या. युद्धानंतर इटलीतला कामगार ज्या छोट्या गाड्यांवर कारखान्यात जायचा, त्याच गाड्या तो या शर्यतीत पळताना बघायचा. १९५७च्या मे महिन्यात 'मिल्ले मिल्या' या मोटारींच्या शर्यतीत भीषण अपघात झाला. प्रेक्षक दगावले, त्यांत लहान मुलंही होती. त्यानंतर सार्वजनिक रस्त्यांवरच्या अशा शर्यती तिथे थांबल्या. मोटोजिरो २००१ मध्ये परतली ती रॅली म्हणून, वेग नव्हे तर वेळ पाळण्याची परीक्षा घेणारी. मिलान ते तारांतो ही दुसरी जुनी शर्यत १९५६ पर्यंत चालली. आता तिच्या आठवणीत निघणारी रॅली जुलैमध्ये मध्यरात्री मिलानहून सुटते. इंग्लंडमधली 'बॅनबरी रन' १९३१ च्या आधीच्या गाड्यांसाठीच आहे. ती भरवणारा व्हिंटेज मोटरसायकल क्लब १९४६ चा.

जुन्या वाहनांची जागतिक संघटना 'फीवा' १९६६ मध्ये स्थापन झाली. तिच्या व्याख्येत निदान तीस वर्षांची, मूळ रूपात जपलेली आणि रोजच्या वापरात नसलेली गाडी ऐतिहासिक ठरते. वर्षांनुसार तिचे वर्गही आहेत: १९१९ ते १९३० व्हिंटेज, १९४६ ते १९६० युद्धोत्तर, वगैरे. आपल्याकडचा नियम वेगळा आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाडीलाच व्हिंटेज म्हटलंय. त्यामुळे १९८५ची येझदी आरटीओच्या लेखी नुसती जुनी आणि फीवाच्या लेखी ऐतिहासिक. अर्ज भरताना हा फरक लक्षात ठेवा.

नवख्याने तीन गोष्टी पाहून रॅली निवडावी. तिच्यात पर्यटक गट आहे का, म्हणजे नव्या किंवा भाड्याच्या गाडीवर येऊ देतात का. ती दोन-तीन दिवसांची आहे का. पहिल्याच खेपेला आठवड्याची नको. आणि देश डाव्या बाजूने चालवणारा आहे की उजव्या. ब्रिटन, आयर्लंड, आइल ऑफ मॅन इथे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, म्हणून पहिल्या वेळेला ते सोपे. मी इटलीला गेलो, कारण मला ते डोंगर बघायचे होते. पश्चात्ताप नाही, पण पहिले दोन दिवस मान आखडली होती.

अर्जाची दारं बहुतेक हिवाळ्यात उघडतात. म्हणून गणपती उठले की रॅलीच्या आयोजकांना साधं पत्र लिहा: मी पुण्याचा, माझ्याकडे अमुक गाडी, पहिल्यांदा येतोय, पर्यटक गटात जागा आहे का, गाडी भाड्याने मिळवून द्याल का. जुन्या गाड्यांची माणसं जगात कुठेही सारखीच. उत्तर येतं, आणि बऱ्याचदा अपेक्षेपेक्षा लांबलचक येतं.

कागदपत्रं, दिवाळीनंतर लगेच

सर्वांत आधी आंतरराष्ट्रीय परवाना. 'सारथी' पोर्टलवर नमुना ४-अ भरायचा, एक हजार रुपये शुल्क, सोबत पासपोर्टची प्रत. आपल्या पत्त्याच्या आरटीओतच तो मिळतो, म्हणजे पुणे शहराचा संगम पुलाजवळ, पिंपरी-चिंचवडचा तिकडे. मुदत एक वर्षाची. हातात पडला की काउंटर सोडायच्या आधी उघडून बघा: मोटारसायकलच्या 'ए' वर्गावर शिक्का आहे ना? मोटारीचा शिक्का मारून दुचाकीचा राहून गेलेले परवाने मी दोन मित्रांच्या हातात पाहिलेत. भाड्याची गाडी देणारा माणूस बरोबर तेवढंच बघतो. आणि मूळ स्मार्ट कार्ड जवळ नसेल तर आंतरराष्ट्रीय परवान्याला काही अर्थ नाही. दोन्ही एकत्रच चालतात.

शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामायिक व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो, आणि शेवटची मुदत पंधरा दिवस आधी. पंधरा दिवसांवर कोणी विसंबू नये. एप्रिल-मेमध्ये अर्धं पुणं युरोपला निघालेलं असतं आणि अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही. संक्रांत झाली की लागा. किमान तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा हवा, पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालू हवा आणि त्याची दोन पानं कोरी हवीत. रॅलीत नाव पक्कं झाल्याचं आयोजकांचं पत्र अर्जाला जोडा. जिथे जास्त रात्री काढणार त्या देशाकडे अर्ज करायचा, हेही आधी मोजून ठेवा. रॅली दोन देशांतून जात असली तर गोंधळ होतो.

विम्याबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे माणसं फसतात. साध्या प्रवास विम्यात दुचाकी चालवताना झालेली दुखापत बऱ्याचदा बसतच नाही. बसली तरी 'रॅली' आणि 'स्पर्धा' हे शब्द वगळलेल्या गोष्टींच्या यादीत असतात. पॉलिसीचं ते पान शोधा, वाचा आणि कंपनीकडून लेखी उत्तर घ्या की वेगाची स्पर्धा नसलेल्या टूरिंग कार्यक्रमात मोटारसायकल चालवताना संरक्षण आहे. फोनवरचं "हो हो, आहे सगळं" धरू नका. माझ्याबरोबरच्या एका गृहस्थांचा मनगटाचा दावा त्या एका शब्दावरून अडला होता.

हेल्मेट. आपला आयएसआय शिक्का युरोपात चालत नाही. तिथे ईसीई मानक लागतं. हनुवटीच्या पट्ट्यावर शिवलेली छोटी चिंधी बघा: गोलात इंग्रजी ई आणि आकडा, पुढे ०५ किंवा ०६ ने सुरू होणारा नंबर. नवीन घ्यायचं असेल तर ०६ वालंच घ्या. भारतात बनलेली अशी हेल्मेटं मिळतात. वाटेत फ्रान्स लागणार असेल तर हातमोजे सक्तीचे आहेत, तेही सीई शिक्क्याचे. २०१६ पासून तो नियम आहे.

चाल शिकणं

हा भाग पुण्यातच होतो, आणि माझ्या मते सगळ्या तयारीतला हाच सर्वांत मोलाचा.

रॅलीत तुमच्या हातात रोडबुक देतात. त्यात नकाशा नसतो, एकाखाली एक चौकोन असतात. प्रत्येक चौकोनात चौकाचं छोटं चित्र: गोल ठिपका म्हणजे तुम्ही जिथून आलात, बाण म्हणजे जिकडे जायचं. बाजूला सुरुवातीपासूनचं अंतर आणि मागच्या चौकोनापासूनचं अंतर. या चित्रांना ट्यूलिप म्हणतात, हॉलंडमधल्या ट्यूलिप रॅलीवरून. फोनवरची बाई "दोनशे मीटरवर डावीकडे वळा" सांगते तेव्हा आपण रस्ता बघत नाही. ट्यूलिप वाचताना बघावाच लागतो.

सराव असा करा. एका मित्राला सासवड, जेजुरी, मोरगाव या भागातला साठ-सत्तर किलोमीटरचा रस्ता कागदावर ट्यूलिपांत मांडायला सांगा, वाकड्या वाटांसकट. मग फोन खिशात ठेवून तो गाठा. पहिल्यांदा चुकाल, आणि चुकताना एक गोष्ट कळेल: जुन्या गाडीचा किलोमीटरचा काटा खोटं बोलतो. हमरस्त्यावर किलोमीटरचे दगड मोजून ताडून बघा. काटा दहा दाखवतोय आणि प्रत्यक्षात साडेनऊच गेलात, तर तो फरक टाकीवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा. माझ्या जावाच्या टाकीवर ती पट्टी अजून आहे.

दुसरा सराव वेळेचा. टप्प्यावर अमुक वाजून अमुक मिनिटांनी पोचायचं असतं. उशिरा पोचलात तर गुण जातात आणि आधी पोचलात तरी जातात. म्हणून सरासरी वेग डोक्यात सेकंदांत बसवायचा. ताशी ३६ म्हणजे किलोमीटरला १०० सेकंद. ४० म्हणजे ९०, ४५ म्हणजे ८०, ४८ म्हणजे ७५. एवढे चार आकडे पाठ करा. मग बोपदेव घाटातून जा आणि दगडागणिक हातातल्या घड्याळाकडे बघा. चढावर मागे पडाल, उतारावर भरून काढावंसं वाटेल, आणि तिथेच मन आवरायला शिकायचं. पाचव्या-सहाव्या खेपेला असं होतं, की घड्याळ न बघताच इंजिनच्या आवाजावरून कळतं की आपण चाळिसावर आहोत. तो क्षण आला की तुम्ही तयार झालात असं समजा.

आणि तिसरा सराव शरीराचा. एका दिवशी दोनशे किलोमीटर कोणीही जातो. प्रश्न तिसऱ्या दिवशी सकाळी येतो. फेब्रुवारीत सलग तीन दिवस काढा. भोरवरून वरंधा घाटाने महाड, पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर, पसरणी घाटाने वाई आणि परत, असा फेरा धरा आणि मधे एक दिवस साताऱ्याकडे वाढवा. पावसाळ्यात वरंधा बंद असतो, म्हणून हे हिवाळ्यातच. कुठे दुखतं ते लिहून ठेवा. मला मनगट दुखायचं, कारण मी हँडल घट्ट धरत होतो. बोलोन्या आणि फ्लोरेन्सच्या मधली प्रसिद्ध फुटा खिंड ९०३ मीटरवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा खालीच. उंचीने घाबरवणारे घाट तिथेही सगळे नाहीत. माणूस दमतो तो वळणांनी.

उजव्या बाजूने चालवण्याचा सराव मात्र इथे करता येत नाही, करूही नका. तिथे धोका कधी असतो ते सांगतो. गर्दीत नसतो, कारण गर्दी आपल्याला ओढून नेते. धोका असतो रिकाम्या रस्त्यावर. टस्कनीत पहिल्याच सकाळी मी एका छोट्या पंपावर पेट्रोल भरलं, पैसे दिले, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि हात-पाय पुण्याच्या सवयीने गाडी डाव्या बाजूला घेऊन गेले. तीनशे मीटर तसाच गेलो. समोरून एक ट्रॅक्टर आला, त्या आजोबांनी हॉर्न वाजवला नाही, नुसता हात वर करून थांबले आणि मी बाजूला होईपर्यंत वाट बघितली. त्या दिवसापासून टाकीच्या टोपणाशी उजवीकडे बाण काढलेली पट्टी लावतो आणि पंपावरून, हॉटेलातून, चहाला थांबून निघताना तो बाण मोठ्याने वाचतो. सोबत्यांनाही वाचायला लावतो.

जुन्या बुलेटवाल्यांसाठी आणखी एक. तुमचे गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात असतील, तर भाड्याच्या गाडीवर ते उलटे मिळतील. जायच्या आधी महिनाभर मित्राची नवी गाडी रोज चालवा. घाईत ब्रेक म्हणून गिअर दाबला जाणं फार महागात पडतं.

दुसऱ्या वर्षी: गाडी न्यायची तर

पहिली खेप झाली, पोट भरलं नाही, आता आपलीच गाडी हवी. मग दसऱ्याला हार घालून पूजा झाली की दुसऱ्या दिवशी आरसी काढून नीट वाचा. बहुतेक अडचणी तिथेच सापडतात.

गाडी कोणाच्या नावावर आहे? आमची आजोबांच्याच नावावर होती, जाऊन अठरा वर्षं झाली तरी. वारसाच्या नावावर करायला नमुना ३१ लागतो, सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती. जुनं कापडी बांधणीचं आरसी बुक असेल तर नोंद संगणकावर नसते, आधी बॅकलॉग करून घ्यावा लागतो. पंधरा वर्षांनंतरचं पुनर्नोंदणीचं पाच-पाच वर्षांचं चक्र चालू आहे ना, पाहा. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे चासी नंबर आणि इंजिन नंबर. नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि उमटलेला आकडा आरसीशी अक्षरन्‌ अक्षर जुळवा. जुन्या जावांची इंजिनं एकमेकींत बदललेली असतात. इथे कोणी विचारत नाही, कस्टममध्ये विचारतात. जुळत नसेल तर आधी आरटीओत दुरुस्त करून घ्या, मगच पुढचं बोला.

मग कार्ने. हा गाडीचा पासपोर्ट समजा. मुंबईत चर्चगेटजवळच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून तो मिळतो, एक वर्षासाठी. गाडी परदेशात विकून येणार नाही याची हमी म्हणून बँक गॅरंटी किंवा ठेव द्यावी लागते. ती गाडीची किंमत आणि देश यांवर ठरते. प्रत्येक देशासाठी एक पान, पानाचे तीन भाग: आत जाताना एक फाडतात, बाहेर पडताना दुसरा, आणि दोन्ही शिक्के असलेला तिसरा तुमच्यापाशी राहतो. युरोपीय संघात बाहेरच्या पर्यटकाची गाडी सहा महिन्यांपर्यंत कार्नेशिवायही आणता येते. पण ती भारतात बिनशुल्क परत आणायची तर कार्ने हा सरळ रस्ता आहे. निघतानाच आपल्या कस्टमचा शिक्का त्यावर पडला पाहिजे.

आपला विमा तिकडे चालत नाही. एका देशाचा गाडीचा विमा दुसऱ्या देशात चालवून घेणाऱ्या युरोपातल्या ग्रीन कार्ड व्यवस्थेत भारत नाही, म्हणून तिथला तृतीय पक्ष विमा विकत घ्यावा लागतो. आयोजकांना दोन महिने आधी सांगितलं तर ते करून देतात. गाडीच्या मागे पांढऱ्या लंबगोलात काळ्या इंग्रजी अक्षरांत 'आयएनडी' हे देशाचं चिन्ह लावायला विसरू नका.

गाडी न्हावा-शेवाहून जहाजाने जाते किंवा मुंबईहून विमानाने. जहाजाला आठवडे लागतात, विमानाला दिवस. दोन्हीकडे पैसे लागतात ते मुख्यतः पेटीच्या आकारमानाचे. विमानाचा हिशोब असा: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि सहा हजारांनी भागायचं. गाडी तशीच उभी ठेवून पेटी केली तर २१० गुणिले ८० गुणिले ११०, म्हणजे ३०८ किलो धरतात. पुढचं चाक, मडगार्ड आणि हँडल उतरवून १८० गुणिले ७० गुणिले १०० ची पेटी झाली तर २१० किलो. अर्ध्या दिवसाचं काम आणि शंभर किलोचं भाडं वाचतं. टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढायचं, बॅटरीच्या तारा सोडून टोकांना टेप मारायची.

पेटीचं लाकूड उष्णतेने किंवा धुरी देऊन निर्जंतुक केलेलं हवं, आणि त्यावर आयएसपीएम-१५ चा भाजलेला शिक्का हवा. माझी पेटी ज्याने बनवली त्याने तीन फळ्या साध्या वापरल्या. बंदरात ते पकडलं गेलं, पेटी फोडून नवी करावी लागली आणि जहाज चुकलं. रॅलीला आम्ही चार दिवस राखून पोचलो ते केवळ मी तारखांत महिनाभराची मोकळीक ठेवली होती म्हणून. पेटी बंद होताना स्वतः उभे राहा आणि प्रत्येक बाजूचा शिक्का डोळ्यांनी पाहा.

सुटे भाग

या यादीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. नाना पेठेतली स्पेअर पार्टची दुकानं, आणि जिथे काहीच मिळालं नाही तिथे बुधवार-रविवारचा जुना बाजार. जावाचं मूळ घर चेकोस्लोव्हाकिया, त्यामुळे युरोपात तिचे भाग मिळतात हे खरं. पण आपल्या म्हैसूरच्या आयडियल जावाचे सगळेच भाग त्यांच्याशी जुळतील असं नाही. जे रस्त्यात थांबवतं ते इथूनच न्या.

दोन प्लग, पॉइंटचा सेट, कंडेन्सर, सहा व्होल्टचे बल्ब, फ्यूज, कॉइल. कार्बची फ्लोट सुई आणि जेट. पुढची-मागची ट्यूब, चेनची जोडकडी, चार स्पोक. गॅस्केटचा कागद, एम-सील, बाइंडिंग वायर, टेप. आणि केबली.

केबलींबद्दल नाना पेठेतल्या आमच्या मिस्त्रींनी मला जे दाखवलं ते तसंच सांगतो. त्यांनी माझी तुटलेली क्लच केबल हातात घेतली, तार दोन बोटांत फिरवली आणि म्हणाले, "दादा, केबल मधे कधी तुटत नाही. बघा, निपलपाशीच एकेक तार सुटत जाते. सात सुटल्या की आठवी तुमच्या घाटात सुटणार." मग जुन्या केबलीच्या शेजारून नवी केबल कव्हरला टेपने बांधून लिव्हरपासून इंजिनपर्यंत ओढून ठेवली, दोन्ही टोकं मोकळी. तुटली तर टाकी न उतरवता पाच मिनिटांत टोकं बदलायची. फुटाच्या उतारावर, रेटिकोसा खिंडीनंतरच्या एका वळणावर नेमकं तेच झालं. सात मिनिटं लागली, पण शिक्का वेळेत मिळाला.

टू-स्ट्रोकवाल्यांना दोन गोष्टी. लांब उतारावर थ्रॉटल बंद ठेवून इंजिन ब्रेकिंग करत राहिलं तर इंजिनला तेलही मिळत नाही, कारण आपलं तेल पेट्रोलमधूनच येतं. दर थोड्या वेळाने क्लच दाबून थ्रॉटल हलकेच उघडा. आणि ऑइल बरोबर न्यायची गरज नाही, इटलीत सहज मिळतं. मिश्रणाला ते 'मिशेला' म्हणतात आणि टक्क्यांत बोलतात. लिटरला ४० मिली, म्हणजे 'क्वात्रो पेर चेंतो', चार टक्के. हे शब्द मी पंपावर म्हटले आणि तिथले म्हातारे गृहस्थ आत जाऊन स्वतःचं मोजमापाचं भांडं घेऊन आले.

विमानाच्या सामानात स्प्रेचे डबे घेत नाहीत, चेन ल्यूब तिथेच घ्या. पाने चेक-इनच्या बॅगेत टाका.

तिथे पोचल्यावर

पंपावर नीट बघा: पेट्रोलच्या नळीवर गोल चिन्ह असतं, आत ई५ किंवा ई१०, डिझेलवर चौकोन. इटलीत 'बेंझिना' म्हणजे पेट्रोल आणि 'गाझोलियो' म्हणजे डिझेल. गॅसोलीन समजून गाझोलियो भरलेली एक गाडी मी ढकलत नेताना पाहिली आहे. जुन्या रबरी भागांना ई५ बरं. 'फाय दा ते' म्हणजे स्वतः भरा, ते स्वस्त, 'सेर्वितो' महाग. दुपारी साडेबारा ते साडेतीन छोट्या गावात दुकानंही बंद आणि गॅरेजही. प्लगला 'कांदेला' म्हणतात, क्लचला 'फ्रित्सिओने', गॅरेजला 'ओफिचिना'. हेडलाइट दिवसाही चालू ठेवायचा. गावात ताशी ५०, बाहेर साध्या रस्त्यावर ९०. 'झेड-टी-एल' अशी पाटी दिसली की जुन्या गावाच्या आत शिरू नका. कॅमेरा फोटो काढतो आणि दंड भाड्याच्या गाडीवाल्यामार्फत महिन्यांनी पुण्यात पोचतो. अपघात झाला तर ११२.

सकाळी तपासणी असते: ब्रेक, दिवे, टायर, हॉर्न, कागद. घाबरू नका, मदत करायलाच बसलेले असतात. शिक्क्याच्या ठिकाणी गर्दीत पुढे घुसू नका. टेबलापासून थोडं अलीकडे थांबा, आपलं मिनिट लागलं की पुढे जा. एका गावात चौकात टेबल मांडून एक बाई शिक्के मारत होत्या. माझं कार्ड बघितलं, पाटीवरचा भारतातला नंबर बघितला, आणि शिक्का मारायच्या आधी मागे वळून नवऱ्याला हाक मारली. तोही जावावाला निघाला. चार मिनिटं आधी पोचलो होतो म्हणून बरं, नाहीतर त्या गप्पांत गुण गेले असते.

घरून खाऊ नेत असाल तर बाकरवडी, चिवडा, भाजणी न्या. पेढे, तूप, श्रीखंड वड्या नेऊ नका. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला युरोपीय संघात दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत.

परत येताना

रॅली संपली की सगळ्यांचं लक्ष जेवणावर असतं, पण एक सकाळ राखून ठेवा. गाडी धुऊन घ्या, चाकांच्या मडगार्डखालची माती काढा, मगच पेटीत घाला. कार्ने वापरला असेल तर तिथून निघताना बाहेरचा शिक्का स्वतःच्या डोळ्यांदेखत मारून घ्या. पेटी एजंटच्या ताब्यात देऊन शिक्का नंतर होईल असं कोणी म्हणालं तर थांबा, नंतर तो होत नाही. न्हावा-शेवाला गाडी उतरली की कस्टमकडून परत आल्याची नोंद कार्नेवर घ्यायची. तिथून ती टेम्पोने आणा, कारण एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे आणि महिनाभर पेटीत राहिलेल्या गाडीला लगेच खंडाळ्याचा घाट चढायला लावणं बरं नाही. घरी आल्यावर आठवडाभरात पूर्ण भरलेला कार्ने चर्चगेटला नेऊन द्या. तो तपासून बंद झाला की बँकेतली गॅरंटी सुटते.